सीएनसीसाठी घेतलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप कामाचा नाही, विक्रेता म्हणतो डिस्काउंटचा माल परत घेत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्यांचं लाकडावर कोरीव काम करायचं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं कोरीव कामाचं मशीन, स्वतः चालवतात, हाताखाली एक मदतनीस. मशीनचा जुना डेस्कटॉप बंद पडला म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं की मला मॅक ३ (Mach3, सीएनसी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) चालवायचंय, मशीन प्रिंटर पोर्टवर (पॅरलल पोर्टवर) चालतं, कुठला लॅपटॉप चालेल? त्याने एक रिफर्बिश्ड लॅपटॉप सुचवला, सोबत प्रिंटर पोर्टवालं डॉकिंग स्टेशन (लॅपटॉपला जादा पोर्ट देणारं जोडसाधन), "बिनधास्त घ्या, आरामात चालेल" असा मेसेज, डिस्काउंट आणि 6 महिन्यांची वॉरंटी. आता लॅपटॉप एरवी झकास चालतो पण जॉब चालू असताना मधेच मोटर स्टेप सोडते (म्हणजे ठरलेलं पाऊल चुकवते), कोरलेली रेघ सरकते आणि अख्खी फळी वाया जाते. विक्रेता म्हणतो लॅपटॉपमध्ये फॉल्ट नाही, धंद्यासाठी वापरला म्हणून वॉरंटी नाही, डिस्काउंटचा माल परत नाही, आणि काय करायचं ते आमच्या शहरातल्या कोर्टात करा. पैसे, वाया गेलेलं लाकूड आणि हातची गेलेली ऑर्डर, हे सगळं मिळेल का?

दादा, आधी एक काम आजच करा. तुम्ही लिहिलंय की हलके जॉब अजून त्याच लॅपटॉपवर काढताय. ते थांबवा. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 42 प्रमाणे माल नाकारतोय असं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला तर तो तुम्ही स्वीकारला असंच धरलं जातं, आणि एकदा स्वीकारला की कलम 13 मुळे साधारणपणे माल परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणून आजच लेखी कळवा की हा लॅपटॉप मी नाकारतोय, घेऊन जा. तो स्वतःच्या खर्चाने परत पाठवायची सक्ती तुमच्यावर नाही, वेगळं काही ठरलं नसेल तर कलम 43 प्रमाणे नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. डबा, चार्जर, डॉकिंग स्टेशन सगळं बाजूला नीट ठेवून द्या आणि फोटो काढून ठेवा.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बहुतेक जण केस स्वतःच्या हाताने घालवतात. तुम्ही विक्रेत्याला आतापर्यंत पाठवलेल्या सगळ्या मेसेजमध्ये "लॅपटॉप खराब आहे" असं लिहिलंय. असं लिहू नका, कारण तो खराब नाहीये. उद्या ग्राहक आयोगाने तो तपासणीला लॅबमध्ये पाठवला तर रॅम ठीक, हार्ड डिस्क ठीक, स्क्रीन ठीक असाच रिपोर्ट येईल आणि विक्रेता तो रिपोर्ट नाचवेल. तुमची तक्रार वेगळी आहे. ज्या कामासाठी पाहिजे ते मी आधी सांगितलं होतं, तुम्ही चालेल म्हणालात, आणि त्या कामाला तो चालत नाही. ही तक्रार वॉरंटी कार्डवर अवलंबून नाही, ती कायद्यातूनच येते.

माल विक्री कायद्याचं कलम 16 सांगतं की गिऱ्हाईकाने विक्रेत्याला कामाचा हेतू कळवला असेल आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून माल घेतला असेल, आणि विक्रेत्याचा धंदाच तसला माल पुरवायचा असेल, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे अशी अट विक्रीत आपोआप धरली जाते. यात एक अपवाद आहे, गिऱ्हाईकाने स्वतःच ठरावीक कंपनीचं ठरावीक मॉडेल नावाने मागितलं असेल तर ही अट सहसा लागू होत नाही. विक्रेता नेमकं तेच म्हणणार, यांनीच मॉडेल मागितलं. पण तुमच्या चॅटमध्ये "कुठला चालेल" हा प्रश्न तुमचा आहे आणि मॉडेल त्याने सुचवलंय. हे दोन मेसेज म्हणजे तुमची निम्मी केस आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तर दोषाच्या व्याख्येतच विक्रेत्याने केलेला दावा येतो, म्हणजे माल त्याने सांगितल्यासारखा निघाला नाही तर तोही दोषच. "आम्ही लॅपटॉप विकतो, सीएनसी आम्हाला काय माहीत" हे उत्तर चालेल म्हणायच्या आधी द्यायचं होतं. माहिती नसताना छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट खोटी निघाली तर करार कायद्याच्या कलम 18 मध्ये ते चुकीचं निवेदनच ठरतं, बोलणाऱ्याचा त्यावर प्रामाणिक विश्वास असला तरी.

चालत का नाही हेही कागदावर आणावं लागेल. प्रिंटर पोर्टवर मॅक ३ चालवताना मोटरला जाणारे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, कॉम्प्युटर स्वतः तयार करतो, अगदी सुरुवातीच्या सेटिंगलाच सेकंदाला 25,000 च्या ठोक्याने. त्यात जरा उशीर झाला की मोटर स्टेप सोडते. लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग खालीवर करतो आणि आतल्या आत मधेच दुसरी कामं उरकतो, तेवढ्यात ठोका चुकतो. म्हणूनच मॅक ३ बनवणारेच सांगतात की पॅरलल पोर्टवर लॅपटॉपला सपोर्ट नाही, आणि त्या पोर्टसाठीचं त्यांचं ड्रायव्हर 64 बिट विंडोजवर चालतच नाही. त्यांच्या साइटवरच्या त्या पानाची प्रिंट जोडा. विक्रेता यावर म्हणेल की मग तुम्हीच वाचायचं होतं, तर त्याचं उत्तर तेच, वाचून मला कळलं असतं तर तुम्हाला विचारलं कशाला असतं. सोबत मशीन दुरुस्त करणाऱ्या एखाद्या माहीतगार माणसाचं सहीचं पत्र घ्या की याच मशीनला डेस्कटॉप लावल्यावर स्टेप सुटत नाहीत. कुणाकडून एक दिवस डेस्कटॉप आणा, तीच फाइल दोन्हीवर चालवा, सलग व्हिडिओ काढा. हे पत्र आणि व्हिडिओ नसेल तर विक्रेता म्हणेल तुमच्या मशीनची वायरिंगच खराब आहे, आणि मग तुमच्याकडे उत्तर नसेल. फक्त या चाचणीपुरताच लॅपटॉप चालू करा आणि तसं आधी विक्रेत्याला कळवून ठेवा.

धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही, हा त्याचा मुद्दा मात्र हलका धरू नका. कायद्यात व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक नसतो हे खरं आहे, पण स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने याची उदाहरणंच दिली आहेत, स्वतः चालवून पोट भरायला लेथ किंवा दुसरं मशीन घेणारा ग्राहकच आहे, आणि हाताखाली एकदोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. तुमचं वर्णन याच्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं. पण त्याच प्रकरणात तक्रारदार स्वतः हरला होता कारण त्याचं काम मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी चाललेलं दिसलं, तेव्हा दुसरं मशीन, पगारी ऑपरेटर असलं काही असेल तर मला आत्ताच सांगा, लपवू नका. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घेतलंय, त्यावरून विक्रेता आरडाओरडा करेल, पण माझ्या मते नुसत्या त्या नंबरवर निकाल लागायला नको. श्रीराम चिट्स प्रकरणात 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की व्यापारी हेतू आधी समोरच्याने सिद्ध करायचा, त्यानंतर स्वयंरोजगाराचं तुम्ही दाखवायचं. मशीन मीच चालवतो, घर यावरच चालतं असं प्रतिज्ञापत्र आणि बँकेचं स्टेटमेंट तयार ठेवा.

"आमच्याच शहरातल्या कोर्टात" या बिलावरच्या ओळीला घाबरू नका. 2019 च्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. रक्कम 5 लाखांपर्यंत असली तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, मुदत 2 वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधीकधी तिथेच विक्रेता नरम येतो. डिस्काउंटचा माल परत नाही या ओळीबद्दल म्हणाल तर डिस्काउंट किमतीवर होता, तुमच्या हक्कांवर नव्हता. माल विक्री कायद्याच्या कलम 62 प्रमाणे अटी करारातून काढून टाकता येतात हे मान्य, पण ती ओळ पैसे दिल्यावर आलेल्या बिलावर छापलेली असेल तर ती तुम्ही आधी मान्य केली होती असं म्हणणं विक्रेत्याला जड जाईल.

पैशांचं खरं खरं सांगतो. लॅपटॉप आणि डॉकिंग स्टेशनची पूर्ण किंमत, इथे तुमची बाजू चांगली आहे. वाया गेलेल्या लाकडापैकी पहिल्याच दोनतीन फळ्यांचे मिळू शकतील, त्यांची खरेदीची बिलं जोडा. पण स्टेप सुटतात हे कळल्यावरही तुम्ही जॉब लावत राहिलात, त्या नंतरच्या फळ्यांचे मागू नका, सगळ्या मागणीवरचाच विश्वास उडतो. ऑर्डरचं नुकसान मिळणं अवघड. करार कायद्याच्या कलम 73 मध्ये जे नुकसान त्या व्यवहारातून सहज होणारं आहे किंवा दोघांनाही आधीपासून माहीत होतं तेच मिळतं, दूरचं नाही, आणि अमुक तारखेची ऑर्डर आहे हे तुम्ही त्याला कुठेच लिहिलेलं दिसत नाही. मानसिक त्रास आणि खर्चापोटी वेगळी माफक रक्कम मागा.

चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून घ्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लावा.

एक गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, की लॅपटॉपमधलं विंडोज विक्रेत्याने टाकून दिलेलं आहे आणि ते अॅक्टिव्हेट नाही. त्यात मॅक ३ सुद्धा त्यानेच टाकून दिलंय का आणि त्याचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे हे आधी बघा, कारण बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 बी खाली गुन्हा आहे, शिक्षा 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत आणि दंड 50,000 पासून 2 लाखांपर्यंत. त्याने टाकून दिलं असेल तर तसं विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत स्पष्ट लिहा, तुमचं स्वतःचं लायसन्स असेल तर त्याची पावती शोधा. हे कळलं की नोटिशीचा मसुदा मला पाठवा, 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवू.