स्वेटर, ब्लाउज आणि बाळाची झबली एकाच वेळी हाती घेतली आहेत. काहीच पूर्ण होत नाही. काय करावे?

ही सगळी कामे एकाच रांगेत उभी करू नयेत, असे मला मनापासून वाटते. शिवणाला यंत्र, इस्त्री, मोकळी जागा आणि दिवसाचा उजेड लागतो, तर विणकाम पिशवीतून कुठेही नेता येते. म्हणून शिवणासाठी सलग दोन-तीन तासांची एखादी सकाळ राखावी आणि विणकाम प्रवासासाठी व संध्याकाळसाठी ठेवावे. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवावे, ब्लाउज आणि झबली एकाच बैठकीत बेतून घ्यावीत, आणि एका रंगाच्या दोऱ्याची शिलाई एकदम उरकावी. काज-बटणे व हातशिलाई मागून निवांत होते.

विणकाम अर्धवट राहिले, तर मात्र जास्त जपावे लागते. महिन्याभराने सुया हाती घेतल्यावर हाताची ओढ, म्हणजे टाके किती घट्ट किंवा सैल पडतात ते, बदललेली असते. शिवाय सुईचा क्रमांकही आठवत नाही. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश क्रमवारीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची त्याहून बारीक, ३.२५ मिलिमीटरची असते, त्यामुळे चुकीची सुई उचलली की उरलेला भाग वेगळ्याच मापाचा होतो. सुईचा क्रमांक, टाके आणि झालेल्या ओळी चिठ्ठीवर लिहून ती लोकरीच्या गुंड्यासोबतच ठेवावी. दोन्ही बाह्या दोन गुंडे घेऊन एकाच लांब सुईवर विणल्यास त्या सारख्या होतात.

झबली सर्वांत आधी संपवावीत, कारण बाळ वाढत असते.