घर घेण्यापूर्वी शाळा कशी पारखावी?

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला आहे आणि पत्नी घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला 34 हजार रुपये येतात. मुलगी येत्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची होईल. कर्ज काढून शहराच्या कडेला लहानसे घर घ्यावे, असा विचार आहे. कपुराई चौकडीपलीकडची एक नवी स्कीम आणि तरसालीतील एक जुनी सोसायटी, या दोनच जागा परवडण्यासारख्या आहेत. हप्ता सुरू झाल्यावर खासगी शाळेची फी झेपणार नाही. नातेवाईक म्हणतात, ‘सरकारी शाळेच्या भरवशावर घर घेऊ नका.’ शाळा चांगली आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमच्या नातेवाइकांची काळजी मला समजते, परंतु त्यांचा सल्ला मला पटत नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केला. आपल्यापैकी कितीतरी घरांतील वडीलधारी मंडळी याच परंपरेतल्या शाळांत अक्षरे गिरवून मोठी झाली. अर्थात, जुन्या पुण्याईवर आजची शाळा निवडता येत नाही. पंचवीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मी एवढे मात्र खात्रीने सांगते की, सगळ्या सरकारी शाळांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो ओळखण्यासाठी कोणी शिक्षणतज्ज्ञ असावे लागत नाही.

प्रथम ती शाळा कोण चालवते, हे पाहून घ्या. महापालिकेच्या हद्दीतील शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, तर हद्दीबाहेरच्या जिल्हा पंचायतीच्या असतात. शहर वाढत असल्यामुळे ही हद्दही सरकत असते. 2020 मध्ये भायली, सेवासी, उंडेरा ही गावे महापालिकेत आली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बिल्डरच्या बोलण्यावर न जाता त्या भागातील एखाद्या जुन्या रहिवाशाची वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती पाहावी. ती महापालिकेची आहे की ग्रामपंचायतीची, यावरून तक्रार कोणाकडे न्यायची हे कळते.

त्यानंतर शाळेचा यूडायस क्रमांक घ्या. प्रत्येक शाळेला असा 11 अंकी क्रमांक असतो आणि तो ‘नो युवर स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर घातला की शाळेचे माहितीपत्रक मोबाइलवर उघडते. ही माहिती शाळाच भरते, त्यामुळे ‘स्वच्छतागृह आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्याला कुलूप आहे का, आत पाणी येते का, हे जाऊनच पाहावे लागते. परंतु इयत्तावार पटसंख्या आणि शिक्षकसंख्या हे दोन आकडे नीट वाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत 30 मुलांमागे आणि सहावी ते आठवीत 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. पहिलीत 60 मुले आणि पाचवीत 25 असतील, तर मधली मुले कुठे गेली, हे आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, विचारावे. मजुरांची कुटुंबे गावी परतली, हे एक उत्तर असू शकते. पालकांनी मुले काढून घेतली, हे दुसरे. शिक्षकांपैकी कायम किती आणि ज्ञान सहायक, म्हणजे कंत्राटी, किती, हेही विचारा. ज्ञान सहायक शिक्षक शिकवण्यात कमी असतात, असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांचा करार 11 महिन्यांचा असतो, आणि पहिली-दुसरीच्या मुलाला दरवर्षी नवी बाई मिळाली तर घडी बसत नाही.

कागद पाहून झाले की आचार्यांची परवानगी घेऊन शाळेत जा. शाळा भरलेली असताना, आणि शक्यतो प्रवेशोत्सवाचे, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागत-समारंभाचे, दिवस टाळून जा. तेव्हा रांगोळ्या आणि पाहुणे यांच्यात खरी शाळा दिसत नाही. रंगवलेल्या भिंतींपुढे फार वेळ थांबू नका. तिसरीच्या वर्गात जाऊन बाईंच्या समोरच तीन-चार मुलांना त्यांच्याच पुस्तकातला पुढचा, अजून न शिकवलेला धडा वाचायला सांगा. पहिल्या बाकावरच्या मुलांना नको, खिडकीजवळच्या, शेवटच्या रांगेतल्या मुलांना. न शिकवलेला धडा मूल अडखळत का होईना, पण अर्थ लावत वाचत असेल, तर त्या शाळेत पहिली आणि दुसरीला कोणीतरी मनापासून शिकवले आहे. पाठ झालेला धडा मात्र कोणीही धडाधड म्हणून दाखवते.

मग गणिताची वही मागा. एका शाळेत मी पाहिलेली वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. 52 वजा 27 बरोबर 35, असे मुलाने मांडले होते आणि त्यावर लाल शाईची बरोबरची खूण होती. एककाच्या घरात मुलाने वर-खाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून टाकला होता; ही चूक दुसरीत शेकडो मुले करतात, तिच्याबद्दल काहीच म्हणणे नाही. दुखते ती वरची खूण. पुढच्या पाच पानांवर तीच चूक आणि तीच खूण होती, म्हणजे वही तपासली गेली होती, पण वाचली गेली नव्हती. याउलट दुसऱ्या एका शाळेत, छप्पर पत्र्याचे आणि पंखा एकच असूनही, अशाच गणिताखाली बाईंनी दहा-दहा काड्यांचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या काढून दाखवल्या होत्या आणि मुलाने खाली उदाहरण पुन्हा सोडवले होते. माझ्या मुलीसाठी मी डोळे मिटून ती पत्र्याची शाळा घेतली असती.

शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहून आयांशी बोला. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अशी एखादी सदस्य भेटली तर शेवटची सभा केव्हा झाली आणि तीत काय ठरले, एवढेच विचारा. ‘सही घ्यायला घरी येतात’ असे उत्तर आले, तर तेही बरेच काही सांगून जाते. आठवीतील किती मुले गेल्या तीन वर्षांत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवडली गेली, हेही कळून घ्यावे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. ही शाळा बहुधा आठवीपर्यंतच असेल, त्यामुळे नववीसाठी जवळची अनुदानित शाळा किती दूर आहे, याचा हिशेब आजच करून ठेवा.

तुमच्या दोन जागांपैकी कपुराईच्या बाबतीत माझ्या मनात खरी शंका आहे ती महामार्गाची. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर सहा वर्षांच्या मुलीला तो रस्ता रोज दोनदा ओलांडावा लागेल; अशा वेळी नकाशावरच्या अंतराला अर्थ उरत नाही. शिवाय नव्या स्कीममध्ये तीन-चारशे कुटुंबे राहायला येतात, पण शाळेच्या खोल्या तेवढ्याच राहतात आणि शाळा दोन पाळ्यांत भरवण्याची वेळ येते. तरसालीची सोसायटी जुनी असली तरी तिथली शाळा आज जशी आहे तशी तुम्हाला पाहता येईल, हे तिचे मोठे बळ आहे. दोन्हीकडे पावसात रस्त्यावर पाणी किती दिवस राहते, हेही विचारून ठेवा. 2024 च्या ऑगस्टमधला विश्वामित्री नदीचा पूर आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

माध्यमाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या काही शाळा मराठी माध्यमाच्या आहेत, पण त्यांपैकी एखादी तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेलच असे नाही. 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सर्वच शाळांत सक्तीची केली आहे, त्यामुळे मुलगी गुजराती माध्यमात गेली तरी बिचकू नका. मराठी घरात बोला आणि वाचून दाखवा. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांसाठीही अर्ज जरूर करावा, कारण गुजरातमध्ये 2025 पासून त्यासाठीची उत्पन्नमर्यादा 6 लाख रुपये आहे आणि तुम्ही तीत बसता. मात्र ती जागा मिळेलच असे धरून घराची निवड करू नये.

तुमच्या हाती एक वर्ष आहे, आणि ते मोलाचे आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जूनला सहा वर्षे पूर्ण लागतात, म्हणजे येत्या जूनमध्ये मुलगी बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, जाईल. बानाखत, म्हणजे घरखरेदीचा करार, करण्याची घाई न करता त्याच भागात वर्षभर भाड्याने राहा आणि तिला तिथल्याच शाळेच्या बालवाटिकेत घाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आचार्य तुम्हाला नावाने ओळखू लागतील, आणि बाई किती दिवस वर्गावर असतात हे मुलगीच रोज घरी येऊन सांगेल.