जुन्या व्हॅनच्या कूलंट सेन्सरमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान मोजणारा) पाणी गळतंय, घरी बदलता येईल का?

येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आधी सेन्सर पुसून कोरडा करा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बऱ्याचदा वरच्या होजची (रबरी पाइपची) क्लिप सैल असते, थेंब ओघळून सेन्सरवर येतात आणि आळ मात्र सेन्सरवर.

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरची टोपी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, थोडं कूलंट घमेल्यात काढा, कनेक्टर सोडवून सेन्सर खोला. कनेक्टरमध्ये हिरवट गंज असेल तर तोही साफ करा, नाहीतर नवा सेन्सरही चुकीचं तापमान दाखवेल.

नव्या सेन्सरला वॉशर किंवा ओ-रिंग नवीनच हवी. एकाच वायरचा सेन्सर असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं. आधी हाताने फिरवा, मग पान्याने बेताने. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर खर्च दसपट.

शेवटी कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवा आणि टोपी उघडी ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवा. सांडलेलं लगेच धुवा. ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.