नव्या वेदनाशामकाची बातमी आणि आईची सायटिका

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला चार वर्षांपासून सायटिकाचा त्रास आहे. कमरेतून निघणारी कळ पोटरीपर्यंत जाते आणि रात्री तिचा डोळा लागत नाही. सवय न लावणारी, अगदी नव्या प्रकारची वेदनाशामक गोळी अमेरिकेत निघाली असून ती पाठवू का, असे तेथे राहणारा माझा भाऊ विचारतो आहे. ती आईला द्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बातमी खरी आहे, पण ही गोळी आपल्या आईंच्या दुखण्यासाठी नाही आणि ती मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधाचे नाव सुझेट्रिजिन. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याला ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता दिली. जखमेची वर्दी मज्जातंतूंतून विद्युतसंदेशाच्या रूपाने मेंदूकडे जाते आणि हा संदेश पुढे सरकण्यासाठी तंतूंच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म द्वारे उघडावी लागतात. त्यांपैकी ‘एनएव्ही १.८’ हे द्वार मुख्यतः वेदना वाहून नेणाऱ्या, मेंदूबाहेरच्या तंतूंत असते. सुझेट्रिजिन नेमके तेच रोखते. मॉर्फिनच्या कुळातील औषधे थेट मेंदूवरही परिणाम करतात, म्हणूनच त्यांचे व्यसन जडते. या कुळातील द्रव्यांच्या, त्यातही बेकायदा फेंटानिलच्या, अतिमात्रेने अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ८० हजारांहून अधिक माणसे दगावली. नव्या गोळीचे तेथे एवढे स्वागत का झाले, हे यावरून कळेल.

मात्र ही मान्यता केवळ प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, पण अल्पकालीन वेदनेसाठी आहे. मुख्य चाचण्या पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर झाल्या. पहिल्या ४८ तासांत ही गोळी तुलनेसाठी दिलेल्या औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. मॉर्फिनच्याच कुळातील हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणापेक्षा मात्र नाही.

आपल्या आईंच्या दृष्टीने महत्त्वाची चाचणी वेगळीच आहे. सायटिकाच्या रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. शून्य ते दहा या मापावर औषध घेणाऱ्यांची वेदना सरासरी २.०२ ने आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांची १.९८ ने कमी झाली, म्हणजे फरक जवळजवळ शून्य.

यावरून या रुग्णांचे दुखणे मनाचे खेळ होते, असा अर्थ कोणी काढू नये. असे बोलणे कानी पडलेल्या रुग्णांना किती एकटे वाटते, हे मी पाहिले आहे. सायटिकाची कळ मुळातच कमीजास्त होत राहते, आणि उपचाराच्या अपेक्षेने शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये स्रवते. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर कॅलिफोर्नियात झालेल्या आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर औषधविरहित उपचाराने मिळालेला आरामही ओसरला होता. म्हणजे तो आराम खरा होता, त्याला शरीरात आधार होता. शिवाय वर्षानुवर्षे दुखत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच अधिक संवेदनशील होऊ शकतात. मग बाहेरचे एक द्वार बंद करून भागेलच असे नाही.

भावाला आणखी एक सांगावे. आपल्याकडे गजकर्णासाठी सर्रास दिले जाणारे इट्राकोनाझोल चालू असताना सुझेट्रिजिन घेणे वर्ज्य आहे, कारण त्यामुळे सुझेट्रिजिनचे रक्तातील प्रमाण वाढते. परदेशातून परस्पर आलेल्या गोळीबाबत अशी पडताळणी घरी कोण करणार?

चार वर्षांत आईंची नव्याने तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. मज्जातंतूवर अजूनही दाब आहे का, हे पाहून फिजिओथेरपी, मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार डॉक्टरांना करता येईल. पाऊल लुळे पडू लागले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली अथवा नकळत होऊ लागली, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.