चार नाईट, एक कॉलेज आणि दर रविवारी गाव

काकू, मी मिरजेत बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, आप्पांची द्राक्षबाग. गेल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला आणि बाग गेली. तेव्हापासून मी सांगलीत एका खासगी दवाखान्यात आठवड्याला चार नाईट करते, रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्याला आठ हजार मिळतात, त्यातले सहा घरी पाठवते. दादा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याच्या खोलीला आणि मेसला ते जातात. नाईट संपली की तशीच मिरजेला, नऊला क्लिनिकल म्हणजे वॉर्डातलं प्रात्यक्षिक. रविवारी गावी गेले नाही तर आई रुसते. ज्याच्याशी माझं जमलंय तो कुपवाड एमआयडीसीत आहे, तो म्हणतो तुला माझ्यासाठी वेळच नाही. हजेरी ७४ टक्क्यांवर आलीय. मागच्या पंधरवड्यात नाईटला आठ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना इन्सुलिन द्यायला गेले, तर ते म्हणाले, ‘सिस्टर, मला शुगर नाही.’ ते सात नंबरचं होतं. मी कुणालाच सांगितलेलं नाही. सारखं रडू येतं. बाकीच्या मुलींना सगळं जमतं, मलाच जमत नाही. मला एक टाइमटेबल करून द्याल का? दवाखान्याने माझं दहावीचं ओरिजिनल सर्टिफिकेटही ठेवून घेतलंय.
— एक विद्यार्थिनी, मिरज

बाळ,

टाइमटेबल करायला मी खरंच कागद घेऊन बसले. आठवड्याचे तास १६८. कॉलेज आणि क्लिनिकल मिळून साधारण ४०. चार नाईटचे ४८. मिरज-सांगली-मिरज, बसची वाट, वडाप भरेपर्यंतचं बसणं, धर आठ. केस स्टडी, केअर प्लॅन, लॉगबुक आणि परीक्षेचा अभ्यास मिळून १५ तरी हवेत. अंघोळ, जेवण, कपडे, हॉस्टेलच्या पाण्याची रांग यांना दिवसाला अडीच तास, म्हणजे धर १७. गावाकडचा रविवार १०. बेरीज १३८. उरले ३०. दिवसाला सव्वाचार तास झोप, तीही तुकड्यातुकड्यात, आणि त्या मुलाच्या वाट्याला शून्य.

हे जमत नाही, कारण ते जमण्यासारखं नाहीच. वेळेचं नियोजन, पहाटे उठणं, मोबाईल बाजूला ठेवणं असले उपाय मी तुला सांगणार नाही. तू आळशी असतीस तर सांगितले असते. बाकीच्या मुलींना सगळं जमतं म्हणतेस, त्यातल्या किती जणी आठवड्याला चार नाईट करतात? मला वाटतं, एकही नाही.

आता आठ नंबरच्या आजोबांकडे येते, कारण पत्रातली खरी गोष्ट तीच आहे आणि तू ती मधेच, घाईघाईत लिहिलीस.

शुगर नसलेल्या माणसाला इन्सुलिन गेलं तर काय होतं, हे तुला फार्माकॉलॉजीत शिकवलंय. घाम, थरथर, बडबड, झटके, बेशुद्धी. रात्री दोनला वॉर्डात सगळे झोपलेले असताना म्हातारा माणूस घामाघूम झाला, तर तो गाढ झोपलाय असंच वाटतं, आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, कळतं. आजोबा जागे होते म्हणून वाचले. पुढचा पेशंट झोपलेला असेल, कानडी बोलणारा असेल, नाहीतर व्हेंटिलेटरवर असेल. तो काही बोलणार नाही.

माझी अख्खी नोकरी वॉर्डात गेली. औषध देताना चुकणारी मुलगी बहुतेक वेळा निष्काळजी नसते, थकलेली असते. नाईटच्या दिवशी तू सकाळी सहाला उठतेस, दिवसभर कॉलेज, मग रात्रपाळी, मग परत क्लिनिकल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पाठ टेकतेस. हे झाले ३४ तास. मधे खुर्चीत डुलकी लागली असेल, ती मी झोपेत धरत नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं किती मंदावतं याची ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजणी केली होती. रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यावर मंदावतं, तितकं. २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्याच्या बरोबरीला जातं. आपल्याकडे ०.०३ च्या वर दारू सापडली तर पोलीस गाडी चालवू देत नाहीत. तुला मात्र पहाटे पाचला सिरिंज भरायला देतात.

आणि देतं कोण? तुझं रजिस्ट्रेशन झालेलं नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, १९६६ चा कायदा आहे त्याला. कॉलेजच्या पोस्टिंगला तू इंजेक्शन देतेस तेव्हा शेजारी इन्स्ट्रक्टर उभ्या असतात, जबाबदारी त्यांची असते. सांगलीतल्या त्या वॉर्डात तुझ्या शेजारी कोण होतं? काही घडलं असतं तर दवाखान्याने सांगितलं असतं की ती मुलगी आमची स्टाफ नव्हती, शिकाऊ होती. आठ हजारांचा हिशेब केला तर तासाला चाळीस रुपयेही पडत नाहीत. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव पेशंटवरच जगतंय. कर्नाटकातून गाड्या भरभरून माणसं येतात. मिरज-सांगलीत दवाखाने उदंड आहेत आणि रात्रीला रजिस्टर्ड सिस्टर मिळणं महाग. म्हणून नर्सिंगच्या पोरी स्वस्तात उभ्या करतात. तुला नोकरी दिली हा उपकार नव्हे.

तेव्हा नाईट बंद. पुढच्या महिन्यापासून नव्हे, हा आठवडा संपला की. यावर मी घासाघीस करणार नाही, बाकी सगळ्यावर करू.

आजोबांची गोष्ट उद्याच तुझ्या क्लास कोऑर्डिनेटर मॅडमना सांग. इजा झाली नाही, तरीही सांग. थोडक्यात टळलेली चूक लपवून ठेवली की ती आतून कुरतडते. तुला सारखं रडू येतंय त्यातलं निम्मं कारण हे आहे, असा माझा अंदाज आहे. ‘मॅडम, मी बाहेर नाईट करत होते, चुकीच्या पेशंटला इन्सुलिन गेलं असतं, आता बंद करतेय, माझी हजेरी कमी आहे, मला मार्ग सांगा.’ एवढंच बोल. ओरडतील, दहा मिनिटं. पण हजेरीचं घोंगडं त्यांच्याशिवाय निस्तरणार नाही. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे प्रत्येक विषयाला ८० टक्के लागतात, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकल तर शंभर टक्के भरून द्यावं लागतं. राहिलेले तास सुट्टीत जाऊन भरता येतात का, कोणत्या वॉर्डात, हे आत्ताच ठरवून घेतलंस तर सेमिस्टर वाचेल. परीक्षेच्या तोंडावर गेलीस तर मॅडमच्याही हातात काही उरत नाही.

आता पैसे. तुझ्या पत्रात ही गाठ सगळ्यात घट्ट आहे, आणि ती तू बांधलेली नाहीस.

फी कशी भरतेस ते लिहिलं नाहीस. राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये नाव हवं आणि प्रवेश सीईटीनंतरच्या कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती सवलत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, तुझा फॉर्म भरलाय की नाही, भरला असेल तर कुठे अडकलाय, हे ऑफिसातल्या क्लार्ककडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तुझ्या कोर्सला आणि आप्पांच्या सातबाऱ्याला तो बसतो का तेही तिथेच विचार. नुसतं ‘होईल’ म्हणाले तर उठू नकोस. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. आप्पांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक कुरकुर करेल, ते धरून चाल.

हे सगळं झालं तरी घरी जाणारे सहा हजार थांबणार आहेत. त्यावर बोलू.

बाग गेली हे संकट खरं आहे. छाटणीपासून औषधापर्यंत सगळा खर्च आधी होतो आणि पैसा बघायला मिळतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधे पाऊस पडला की वर्ष गेलं. आप्पांनी तुझ्याकडे हात पसरला नसेल, तूच पाठवायला लागली असशील, असं मला वाटतं. पण ते पैसे आप्पांच्या बागेत जात नाहीत, दादाच्या मेसमध्ये जातात. तो परीक्षेचा अभ्यास करतो, तूही करतेस. तुझी परीक्षा पास झाली की नोकरी हातात आहे, त्याची झाली तर आहे. आणि रात्रभर उभी राहतेस तू. मुलगी हाताशी आली की मुलाचा अभ्यास निवांत होतो, हे आपल्याकडच्या घराघरात चालतं आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. दादा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की पैसे कुठून येतात. त्याला फोन कर. आधी त्याला, मग आप्पांना. ‘दादा, मी नाईट करून तुला पैसे पाठवत होते, आता जमणार नाही. तू चार तासांचं काही काम बघ नाहीतर गावी येऊन अभ्यास कर.’ रागावेल. रागावू दे.

आप्पांना सांगताना लांबण लावू नकोस आणि रडूही नकोस, नाहीतर ते ‘बरं, बघू’ म्हणून तुझी समजूत काढतील आणि विषय बाजूला पडेल. ‘आप्पा, नाईट बंद करतीय. न्हाईतर माझी परीक्षा अडकंल, आणि परीक्षा अडकली तर एक वरीस वाढंल.’ वर्ष वाढलं म्हणजे काय, हे बागायतदाराला समजावावं लागत नाही.

हातखर्चाला काही हवंच असेल तर नर्स म्हणून नको. एखाद्या घरात म्हाताऱ्या माणसाजवळ शनिवारी-रविवारी दिवसा बसायला लोक मुली शोधतात, इंजेक्शन-सलाईनला हात लावायचा नाही असं आधीच बोलून घ्यायचं. सांगलीच्या विश्रामबागेत आठवी-नववीच्या पोरांना सायन्सची शिकवणी मिळेल. आठ हजार मिळणार नाहीत, दोन मिळतील, ते स्वतःजवळ ठेव.

आईचं रुसणं महिन्याला दोन रविवारांवर आण. येत्या रविवारी तर जाऊच नकोस, हॉस्टेलवर झोप. हळदीकुंकवाला आणि यात्रेला लेक दिसली पाहिजे हे मला कळतं, पण लेक आजारी पडली तर दवाखान्यात आईलाच यावं लागेल, हे तिला सांग. मधल्या रविवारी व्हिडिओ कॉल. पहिले दोन महिने रुसेल.

कुपवाडच्या मुलाबद्दल माझ्याकडे फार शब्द नाहीत. त्यालाही शिफ्ट असतील, रात्रपाळी म्हणजे काय ते त्याला कळायला हवं. तुझ्याकडे वेळ नाही ही तक्रार बरोबर आहे, पण तू बारा तास उभी राहून आल्यावर त्याने ती केली असेल तर माणूस जरा नीट पारखून घे. नाईट बंद झाल्यावर आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी होईल. तेव्हा तो कसा वागतो ते बघ, आणि मग मला लिही.

अभ्यासाचं एकच सांगते. रात्री हॉस्टेलवर चार पुस्तकं उघडून बसण्यापेक्षा पोस्टिंगच्या वेळेतच अभ्यास उरकत जा. ट्रॉलीवरचं एक औषध रोज निवड, ते या पेशंटला का चालू आहे, किती, कधी थांबवतात, हे इनचार्ज सिस्टरना विचार. सिस्टर चिडक्या असतात, पण मुलीने औषधाबद्दल विचारलं की बहुतेक जणी थांबून सांगतात. केअर प्लॅन पेशंटजवळ बसून लिही. मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला केअर प्लॅन परीक्षेत उपयोगी पडत नाही, व्हायवाला तर नाहीच.

झोप भरून निघाल्यावरही, म्हणजे तीन-चार आठवड्यांनीही, असंच रडू येत राहिलं तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कॉलेजमध्ये मानसोपचार शिकवणाऱ्या मॅडम असतात, त्यांच्याशीही बोलता येईल. आपण पेशंटला सांगतो तेच आपल्यालाही लागू असतं.

राहिलं ते दहावीचं सर्टिफिकेट. ते अडकवून ठेवायचा दवाखान्याला काही अधिकार नाही. ‘या तारखेपासून मी कामावर येणार नाही, माझं दहावीचं मूळ प्रमाणपत्र आणि राहिलेला पगार द्यावा’ असं दोन ओळींचं पत्र लिही, दोन प्रती कर, एकीवर त्यांचा शिक्का आणि सही घे. सही देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठव. जाताना एकटी जाऊ नकोस. आप्पांना घेऊन जा, आणि दिवसा जा, मॅनेजर असतो तेव्हा. पगार कापतो म्हणाले तर तिथे भांडत बसू नकोस, आधी सर्टिफिकेट हातात घे.

— काकू