हवाई तळाचा प्रपंच कोणी सांभाळायचा?

प्रश्न : नागपुरात वायुसेना नगरच्या परिसरात आमचे घर आहे. अमेरिकी हवाई दलाने आपल्या तळांच्या सोयीसुविधांचा कारभार एकाच केंद्राकडे सोपवल्याचे वाचनात आले. हे केंद्र म्हणजे आपल्या हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडसारखेच काही आहे काय? आणि सगळेच दुरून ठरू लागले तर तळप्रमुखाच्या हाती उरते काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या शेजारच्या मेंटेनन्स कमांडचे काम विमानांची मोठी दुरुस्ती, सुटे भाग आणि सामग्रीचा साठा यांच्याशी निगडित आहे; ओझरच्या डेपोत मिग-29 आणि सुखोई-30 विमानांची दुरुस्ती होते, ती तिच्याच अखत्यारीत. अमेरिकेतील हे केंद्र, म्हणजे ‘एअर फोर्स इन्स्टॉलेशन अँड मिशन सपोर्ट सेंटर’, मात्र विमानाला हातही लावत नाही. विमान जिथे उभे राहते त्या जागेचा प्रपंच, म्हणजे धावपट्टीची डागडुजी, इमारती, वीज-पाणी, पहारा, अग्निशमन, भोजनगृहे, कंत्राटे, अगदी प्रवासभत्त्याची बिलेसुद्धा, हे त्याचे क्षेत्र. यातील बांधकाम आणि वीज-पाणी आपल्याकडे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस (एमईएस) पाहते आणि ती तिन्ही दलांसाठी काम करते, त्यामुळे तुलना करायचीच तर एमईएसशी करावी.

हे केंद्र एप्रिल 2015 मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे सुरू झाले. तोपर्यंत हवाई दलाच्या दहा मोठ्या कमांडपैकी प्रत्येकीच्या मुख्यालयात तळांची व्यवस्था पाहणारे अभियंते, सुरक्षा अधिकारी आणि कंत्राटे हाताळणारे यांचा वेगळा फौजफाटा असे. मुख्यालयांचा व्याप 20 टक्क्यांनी घटवण्याचा संरक्षण खात्याचा आदेश आल्यावर ही दहा ठिकाणची कामे एकत्र करण्यात आली.

खरा बदल झाला तो पैशाच्या वाटपात. मोठ्या दुरुस्तीचे प्रस्ताव आता निरनिराळ्या तळांवरून येऊन एकाच यादीत लागतात आणि त्यांना गुण देताना दोन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात : ती वास्तू निकामी होण्याची शक्यता किती, आणि झाली तर मुख्य कामगिरीवर परिणाम किती. वशिल्यापेक्षा ही पद्धत केव्हाही बरी. पण समजा, एका तळावर धावपट्टीला भेगा पडल्या आहेत आणि दुसऱ्या तळावर जवानांच्या निवासाचे छत गळून जिन्यात बादल्या ठेवाव्या लागत आहेत, तर पैसे धावपट्टीला मिळणार, आणि पुढच्या वर्षी आणखी कुठली तरी धावपट्टी पुढे येणार. गळके छत यादीच्या तळाशीच राहते. या व्यवस्थेतील मोठा दोष मला हाच वाटतो, कारण त्यात कोणाचाही हलगर्जीपणा नसतो आणि त्यामुळे तक्रार तरी कोणाविरुद्ध करायची, हा प्रश्न पडतो.

केंद्रीकरणाची उजवी बाजू 10 ऑक्टोबर 2018 नंतर दिसली. मायकेल चक्रीवादळाने फ्लोरिडातील टिंडल तळ उद्ध्वस्त केला, तेव्हा एवढी पुनर्बांधणी त्या तळाच्या अभियंत्यांना एकट्याने पेलणारी नव्हती. ती केंद्राच्या स्थापत्य शाखेने हाती घेतली. (या शाखेचा एक भाग टिंडलवरच होता, म्हणजे मदत करणारेही वादळग्रस्तच!)

आता तळप्रमुखाविषयी. अग्निशमन दल, फाटकावरचा पहारा, तळाची अभियंता तुकडी ही माणसे त्याच्याच हुकमतीत राहतात. निधी, नियम, मोठी कंत्राटे आणि तज्ज्ञांचा सल्ला केंद्राकडून येतो. जेट इंजिनात एखादा खडा किंवा सुटा स्क्रू ओढला गेला तरी इंजिनाची पाती मोडू शकतात, म्हणून तळावरचे जवान खांद्याला खांदा लावून, खाली मान घालून विमानतळाच्या फरसबंदीवरून चालत जातात आणि दिसेल तो कचरा वेचून पिशवीत टाकतात. ही फेरी कधी काढायची, पक्ष्यांचे थवे कसे हुसकवायचे, रात्रीत पडलेला बर्फ कोणत्या बाजूने आधी हटवायचा, हे तळावरच ठरते. किरकोळ दुरुस्तीचा निधीही तळाकडे असतो; त्यातून गळके छत नवे होत नसले तरी पुढचा पावसाळा निघेल इतकी डागडुजी करून घेता येते.