काउंट आंद्राशींकडे किल्ला होता, माझ्याकडे काय आहे?

प्रश्न : इतिहासात एम.ए. करून दोन वर्षं यूपीएससीचा अभ्यास करते आहे. वय 25. दोन्ही वेळा पूर्व परीक्षेतच अडकले. बाबा एस.टी.त वाहक, आई शिवणकाम करते. मला परराष्ट्र सेवेत जायचंय. परवा ऑस्ट्रिया-हंगेरीचे परराष्ट्रमंत्री काउंट ड्युला आंद्राशी यांच्याविषयी वाचलं. घराण्याचा किल्ला, घरातच राजकारण, बड्या लोकांत ऊठबस. वाटलं, असली माणसं अशाच घरांत जन्मतात. घरचे म्हणतात, आता बी.एड. कर. माझी दोन वर्षं वाया गेली का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, आंद्राशींचं चरित्र तू किल्ल्यापाशीच मिटलंस. ते पुढे वाचायला हवं होतं.

घराण्याचा फायदा त्यांना झाला, हे मी नाकारणार नाही. 1823 चा जन्म, वडील काउंट. क्रास्नाहोर्काचा किल्ला त्या घराण्याकडे होता, आज तो स्लोव्हाकियात आहे. वयाच्या 22 व्या वर्षी तिसा नदीचे पूर आवरण्यासाठी नेमलेल्या मंडळाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं आणि 25 व्या वर्षी ते संसदेत होते. नुसत्या हुशारीवर त्या वयात हे मिळत नसे. व्हिएन्नाच्या परराष्ट्र खात्यात वरच्या जागा तेव्हा सरदार-उमरावांकडेच जायच्या.

पण त्यानंतर काय झालं? 1848 साली हंगेरीने ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेविरुद्ध उठाव केला आणि आंद्राशी त्यात उतरले. श्वेखाटच्या लढाईत होते. मग क्रांतिकारी सरकारने त्यांना तुर्कांच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, पाठवलं, तुर्कांनी निदान तटस्थ तरी राहावं म्हणून. त्यांची पहिली राजनैतिक कामगिरी ती, आणि तीही एका बुडत्या सरकारची. ऑगस्ट 1849 मध्ये हंगेरियन सैन्याने व्हिलागोशला रशियनांपुढे शस्त्रं ठेवली आणि सगळं संपलं. सप्टेंबर 1851 मध्ये ऑस्ट्रियाने आंद्राशींना फाशी दिली. माणूस हाती लागला नाही, म्हणून ती प्रतीकरूपाने दिली. पॅरिसच्या दिवाणखान्यांत पुढे त्यांना 'फाशी गेलेला देखणा' म्हणत. त्या वेळी ते 28 वर्षांचे होते, तुझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे.

परदेशात, लंडन आणि पॅरिसमध्ये, त्यांची सात-आठ वर्षं गेली. ना पद, ना देश, ना परतीची खात्री. आजच्या भाषेत 'गॅप'. त्या गॅपमध्ये त्यांनी युरोपचं राजकारण जवळून पाहिलं. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा डामडौल सगळे बघत असताना त्याखालची पोकळी त्यांच्या लक्षात आली. 1870 मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, तेव्हा ते हंगेरीचे पंतप्रधान होते. 1866 च्या पराभवाचा प्रशियावर सूड घ्यावा असं व्हिएन्नात अनेकांना वाटत होतं. आंद्राशींनी साम्राज्य त्या युद्धाबाहेर ठेवण्यासाठी जोर लावला आणि ते बाहेर राहिलं. काही आठवड्यांत नेपोलियन कैद झाला. पॅरिसमधली ती वर्षं नसती, तर हा अंदाज त्यांना इतक्या खात्रीने बांधता आला असता असं मला वाटत नाही.

मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 8 जून 1867. बुडामधलं मात्याश चर्च. ज्या फ्रान्झ जोसेफच्या राजवटीने आंद्राशींना फासावर चढवलं, त्याच फ्रान्झ जोसेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक, आणि मुख्य धर्मगुरूंच्या बरोबरीने मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवणारे हात आंद्राशींचे. दोन्ही बाजूंनी जुनं उगाळत न बसता तडजोड केली, म्हणून हे घडलं. 1871 मध्ये त्याच सम्राटाने त्यांना संपूर्ण साम्राज्याचं परराष्ट्र खातं दिलं. त्या पदावर बसलेले ते पहिले हंगेरियन.

आता तुझ्याकडे वळते. 'परराष्ट्र सेवेत जायचंय' असं लिहिलंस, पण तिथलं कोणतं काम करायचंय ते पत्रात कुठेच नाही. दोन वर्षं वाया गेली की नाही, याचं उत्तर त्यात आहे. म्हणून एक छोटी परीक्षा घे स्वतःची.

रशिया-तुर्की युद्धानंतर युरोपातल्या बड्या सत्तांनी केलेला 1878 चा बर्लिनचा तह काढ. त्याचं 25 वं कलम वाच. बोस्निया आणि हर्झेगोव्हिना हे तुर्की सुलतानाचे प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीने 'ताब्यात घ्यावेत आणि त्यांचा कारभार पाहावा' असं ते म्हणतं. 'विलीन करावेत' असं म्हणत नाही. हा शब्दांचा खेळ नव्हता. विलीन केले, तर सुलतानाचा उघड अपमान. शिवाय साम्राज्यात स्लाव्ह प्रजा आणखी वाढणार आणि आंद्राशींच्याच हंगेरियन लोकांना ते नको होतं. आणि प्रांत सोडले, तर तिथे सर्बियाचा, म्हणजे मागून रशियाचा, शिरकाव होणार. म्हणून जमीन घ्यायची आणि मालकी सुलतानाच्या नावावर ठेवायची. एप्रिल 1879 मध्ये तुर्कांशी केलेल्या वेगळ्या करारात सुलतानाचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य केलं गेलं. एखाद्या शब्दावर अशी रात्र घालवायला तुला आवडेल का? आवडत असेल, तर हे क्षेत्र तुझं आहे. मुकुटाच्या प्रसंगानेच अंगावर काटा आला आणि कलम 25 ने जांभई आली, तर तेही प्रामाणिकपणे मान्य कर. इतिहास शिकवणं हेही मोलाचं काम आहे.

आणि त्या कलमाचं पुढे काय झालं तेही बघ. फौज सहज आत जाईल ही अपेक्षा फोल ठरली. स्थानिक लोक लढले, जवळजवळ तीन महिने गेले, दीड लाखाहून जास्त सैनिक उतरवावे लागले. 1908 मध्ये ते प्रांत विलीन केलेच आणि पहिलं महायुद्ध पेटवणारी 1914 ची गोळी बोस्नियातल्या सारायेव्होतच सुटली. माझ्या मते आंद्राशींची मोठी चूक इथे झाली. बर्लिनच्या टेबलावर प्रत्येक दरबाराचं मन त्यांनी ओळखलं, पण ज्यांच्या गावांत फौज शिरणार होती त्यांचं कुणी तिथे नव्हतंच. किल्ल्यात वाढलेल्या माणसाला न दिसणारी जागा ही.

तुझ्याकडे काय आहे, असं विचारलंस ना? तुझे बाबा रोज पन्नास-साठ अनोळखी माणसांना एका गाडीतून नेतात. सुट्या पैशांवरून, जागेवरून, न थांबलेल्या थांब्यावरून होणारी भांडणं मिटवतात, आणि उद्या तीच माणसं पुन्हा गाडीत असतात. एकदा त्यांच्यासोबत दिवसभर फेऱ्या कर आणि ते कुणाशी कोणत्या शब्दांत बोलतात ते लिहून ठेव. मी हे मनापासून सांगते आहे. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्याच अब्दुललाटचे. तिथून निघून न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

व्यवहाराचं थोडक्यात. खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि 32 पर्यंतचं वय मिळतं, त्यामुळे 25 ला दोन प्रयत्न संपले म्हणजे काही संपलं नाही. मात्र दोन्ही वेळा पूर्व परीक्षेतच थांबलीस, तर दोष बहुधा सराव प्रश्नपत्रिका आणि सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्व परीक्षेच्या कल-चाचणीच्या पेपरात, आहे. इतिहासाची आणखी पुस्तकं वाचून तो जाणार नाही. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. पण एक परकीय भाषा आत्ताच धर. शिवाजी विद्यापीठात वर्ग आहेत, चौकशी कर. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) पदवीधर पातळीवरची परीक्षाही दे. तीतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून जाता येतं आणि त्या नोकरीत दूतावासांत नेमणुका होतात. हंगेरीत शिकायचं मनात असेल, तर तिथल्या सरकारची 'स्टिपेंडियम हंगारिकम' शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना मिळते.

बी.एड.बद्दल घरच्यांशी भांडू नकोस. त्यांना तुझ्या पायाखाली जमीन हवी आहे. पुढचे दोन प्रयत्न आणि त्यानंतर बी.एड., असं वर्षांसकट कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव. आंद्राशींनी जर्मनीशी मैत्रीचा करार 7 ऑक्टोबर 1879 ला केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नवा मंत्री आला. हातातलं काम पुरं करून ते उठले. तूही तारीख ठरवून बस.

आणि कलम 25 वर एक पान लिहून मला पाठव. सुलतानाच्या वकिलाने त्यात कोणता शब्द बदलून मागितला असता, तेवढंच लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल.